फोल्केचा ग्लास

बोटीतले सगळे हसले तेव्हा मायकेनही हसली. ओठांतल्या ओठांत नाही, चांगली खांदे हलवून हसली. नंतर दिवसभर तिला सगळ्यात जास्त संताप आला तो याचाच. सकाळची अकराची फेरी होती. ऊन होतं, पण नदीवरून येणारा वारा अंगातून आरपार जात होता आणि उघड्या, चपट्या बोटीत चाळीसेक माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. गाईड पोरगी बोटीच्या तोंडाशी पाण्याकडे पाठ करून उभी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव लिहिलेलं, इल्वा. वीस-बावीसची असेल. आइसक्रीमचा कोन धरावा तसा माइक धरून ती प्रत्येक गोष्ट आधी स्वीडिशमध्ये सांगायची आणि लगेच इंग्रजीत, त्यामुळे प्रत्येक विनोदावर दोनदा हशा व्हायचा, एकदा घरच्यांचा, एकदा पाहुण्यांचा. कालव्यातून बोट मोठ्या नदीत आली, ऑपेराची इमारत मागे पडली, आणि इल्वाने पलीकडच्या काठाकडे हात केला. "ती काचेची घरं दिसतात ना, त्यांच्यामध्ये एक मोठा चौकोनी खड्डा आहे. पूर्वीची कोरडी गोदी. जहाज आत घ्यायचं, पाणी उपसून टाकायचं, की खाली उतरून काम करायला मोकळे. तिला आम्ही म्हणतो फोल्केचा ग्लास. सत्तावन्न साली फोल्के नावाचा एक वेल्डर होता, तहानलेला फोल्के. एक दिवस हातात बिअरची बाटली घेऊन तो वरच्या परांचीवरून चालत निघाला आणि ग्लास भरलेला आहे असं समजून सरळ आत शिरला. ग्लास होता रिकामा! पडता पडता तो एवढंच ओरडला म्हणतात, अरे, माझी बाटली धरा! आणि गंमत म्हणजे खाली तो सापडला तेव्हा बाटलीला साधा तडाही गेला नव्हता. गोथेनबर्गच्या माणसाला काय वाचवायचं ते बरोबर कळतं!"

यावर मायकेन हसली. मग इल्वाने तेच इंग्रजीत सांगायला घेतलं. मायकेनला इंग्रजी बेताचंच येत होतं, म्हणून तिने लक्ष देऊन ऐकलं, आणि परक्या भाषेतून ते नाव वेगळं, धुऊन काढल्यासारखं कानावर आलं. फोल्के. सत्तावन्न साल. वेल्डर. शेजारची डच बाई मांडीवर थाप मारून हसत होती. तेवढ्यात बोट वळून परत कालव्यात शिरली आणि इल्वा ओरडली, "खाली वाका! सगळ्यांनी, अगदी खाली!" कारण पुढचा पूल इतका ठेंगणा आहे की बोटीतल्या माणसांना जमिनीवर बसल्यासारखं वाकावं लागतं. मायकेन वाकली. नाक स्वतःच्या गुडघ्यांना टेकलं, वर पुलाचा ओला, गार दगड सरकत होता, आणि त्या अंधारात तिला कळलं की तिच्या चेहऱ्यावर अजून हसू आहे आणि ते आपल्या बापाच्या मरणावर आहे.

बोट धक्क्याला लागली तेव्हा इल्वाने हात पुढे केला आणि म्हणाली, "पायरी निसरडी आहे, जपून." मायकेनने तो हात धरला. "थँक यू" म्हणाली. वर आली. दहा पावलं चालल्यावर तिने तो हात कोटाला पुसला.

ती एकाहत्तर वर्षांची होती. ओस्टरसुंदला एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली होती. दहाव्या वर्षी आईचा हात धरून ती या शहरातून उत्तरेकडे गेली ती पुन्हा इकडे फिरकली नव्हती. नवरा सिक्स्टन जिवंत असेतो म्हणायचा, तिकडे नुसता वारा आणि पाणचट विनोद, काय पाहायचंय? तिला ते सोयीचं होतं. चार वर्षांपूर्वी तो गेला. यंदा तिने स्वतःच गाडीचं तिकीट काढलं, हॉटेलात दोन रात्रींची खोली घेतली, आणि मुलीने फोनवर "एकटीच?" असं विचारलं तेव्हा "मग काय बँड घेऊन जाऊ?" असं उत्तर दिलं. तिने एका कागदावर यादी केली होती. बोट. मासळीबाजार. हागा नावाच्या वस्तीतली जुनी लाकडी घरं आणि तिथला ताटाएवढा दालचिनीचा बन. इतर लोक बघतात तेवढंच बघायचं. गोदीचं नाव यादीत नव्हतं. गोदी तर तिला बघायचीच नव्हती, आणि गोदीनेच तिला गाठलं होतं.

यादी हातात होती म्हणून ती यादीप्रमाणे चालत राहिली. संतापलेल्या माणसाला पाय कुठेतरी न्यावेच लागतात. मासळीबाजाराची इमारत चर्चसारखी आहे आणि सगळं शहर तिला माशांचं चर्च म्हणतं. आज तिला त्या नावाचाही राग आला. या शहराला खोडच आहे, कशालाही त्याच्या नावाने हाक मारायची नाही. पूल असेल तर किसणी, उंच इमारत असेल तर लिपस्टिक, आणि माणूस मेला तर ग्लास. लहानपणी गल्लीत हेच ऐकत ती वाढली होती. दुकानदार विनोद करायचा, ट्रामचा कंडक्टर विनोद करायचा, खुद्द तिचे वडील करायचे. संध्याकाळी नदी ओलांडणाऱ्या होडीतून उतरले की चेहरा काजळलेला, फक्त चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं, आणि दारातून म्हणायचे, "बाई, इथे मायकेन नावाची कुणी घुबडीण राहते का?" घुबड ते स्वतः दिसायचे. तेव्हा तीही खांदे हलवून हसायची. म्हणजे आज बोटीत ती हसली ते त्यांनीच शिकवलेलं हसू होतं. हे सुचलं आणि बाजाराच्या दारात ती थांबली. तिच्या मागून येणारा माणूस तिला आदळला, आणि तिनेच त्याला "दिसत नाही का?" म्हणून झापलं. आत कोळंबीचा ब्रेड मागवून खिडकीपाशी बसली. कोळंबी ढीगभर होती, वर अंड्याच्या चकत्या, शेपूच्या काड्या. दोन घास खाल्ले. मग ताट बाजूला सारलं.

तहानलेला! फोल्के टोर्नक्विस्ट आयुष्यात एक थेंब प्यायला नव्हता. त्याचा बाप दारूने गेला होता आणि चौदाव्या वर्षी तो दारू न पिणाऱ्यांच्या मंडळात गेला होता. पहाटतारा नावाचं मंडळ. दर बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत सभा भरायची, गाणी, वाचन, कॉफी. तिथे सगळे एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणायचे. छोटी मायकेन मागच्या बाकावर बसून गळ्यात निळी पट्टी घातलेल्या वडिलांना निशाण धरताना बघायची. मंडळाचं निशाण रेशमी होतं, उगवत्या चांदणीचं, कडेने सोनेरी झालर. वडील निशाणधारी होते. मिरवणुकीत ते वाऱ्याशी झुंजत निशाण उभं ठेवायचे आणि घरी आल्यावर हात थरथरतात म्हणून कॉफीचा कप आईला धरायला लावायचे. त्या माणसाला हे शहर साठ वर्षं दारुडा म्हणून पाण्यावरून फिरवतंय, आणि दिवसातून किती फेऱ्या? सकाळी नवापासून. उन्हाळाभर. दर फेरीला तो दोनदा पडतो, एकदा स्वीडिशमध्ये आणि एकदा इंग्रजीत.

हागात ती गेली, पण बन घेतला नाही. रस्त्यावर टेबलं मांडलेली, बनाशेजारी तान्ही मुलं ठेवून लोक फोटो काढत होते, बन मोठा की बाळ. तिला वाटलं, या सगळ्यांना उठवावं. मग वाटलं, यांनी काय केलंय? मग केलं कुणी? मुकादम केव्हाच मेला असेल. तीन दिवस परांचीचा कठडा काढलेला होता, कारण तिथून लोखंडी पत्रे आत घ्यायचे होते आणि दर वेळी कठडा काढा-घाला करायला वेळ जातो. हे वडिलांनीच जेवताना आईला सांगितलं होतं. सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. बुधवारी म्हणाले, "मुकादमाला पुन्हा सांगितलं. म्हणतो, टोर्नक्विस्ट, तुला काय उडायचंय का?" गुरुवारी ते पडले. रात्रभर पाऊस पडून फळ्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. आईने चौकशीच्या माणसाला हे सगळं सांगितलं. तो लिहून घेत होता. मग त्याने मान न उचलता विचारलं होतं, "आणि बाटलीचं काय, बाई?" आई म्हणाली, "कुठली बाटली?" मायकेन दाराआड उभी होती.

इथवर आलं की मन नेहमीप्रमाणे वळायचं. साठ वर्षांची सवय. पण आज तिला राग होता, आणि राग वळायला तयार नव्हता. ती ताडकन मागे फिरली आणि जवळपास धावतच बोटीच्या तिकीटखिडकीशी आली. खिडकीत तिशीचा एक तरुण होता, येस्पर, दाढी नीट कोरलेली. तिने सांगितलं की तुमची गाईड एका मेलेल्या माणसाची खोटी गोष्ट सांगते आणि ती बंद झाली पाहिजे.

"अच्छा, फोल्केची!" येस्परचा चेहरा उजळला. "ती लोकांना फार आवडते. तुम्हाला नाही आवडली का?"

"मला तुम्ही म्हणू नकोस."

"माफ करा, मी आदराने..."

"आदराने? आम्ही लहान असताना गोदीतले साहेब माझ्या आईला असंच तुम्ही म्हणायचे, म्हणजे नाव घ्यायला नको. तू म्हण. मी मायकेन. फोल्के माझे वडील."

येस्पर खिडकीतून पुढे वाकला. मग हसू आवरल्यासारखा, पण खरोखर अवघडून म्हणाला, "म्हणजे... तो खरा होता?"

"खरा म्हणजे?"

"आम्हाला वाटलं दंतकथा आहे. जुन्या गाईडने सांगितली, त्याला कुणा गोदीवाल्याने. आडनाव तर आम्ही घेतच नाही, मायकेन. म्हणजे तसं कुणाचं नाव खराब होत नाही."

"आडनाव घेत नाही म्हणूनच होतं!" ती एवढ्या मोठ्याने बोलली की रांगेतली माणसं मागे सरकली. "ते पीत नव्हते. एक थेंब नाही. कठडा नव्हता तिथे. लिहून घे."

त्याने खरंच कागद काढला, पण तो छापील अर्ज होता, सहल कशी वाटली, एक ते पाच. तिने तो अर्ज पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. तो लाल झाला आणि अर्ज परत आत ओढला. "मी इल्वाशी बोलतो. आजच. आणि तू... पाचची शेवटची फेरी आहे, तिकीट माझ्याकडून. सोबत कॉफी आणि बन." "बन नको," मायकेन म्हणाली. तिकीट मात्र तिने घेतलं, का ते तिला कळलं नाही.

पाच वाजायला दोन तास होते. ती कालव्याकाठच्या बाकावर बसली. पाणी हिरवट होतं, त्यावर पिवळी पानं यायला लागली होती. समोरून रिकामी ट्राम कुरकुरत वळण घेत गेली. राग आता निवेल असं तिला वाटलं होतं, तो निवला नाही, उलट जागा शोधत आत आत जायला लागला. त्या पोराला ती म्हणाली, लिहून घे. काय लिहून घे? पीत नव्हते, कठडा नव्हता. आणि बाटली? बाटली होती ना. त्या गोष्टीत एवढं एकच खरं होतं. बाटली फुटली नव्हती हेसुद्धा खरं, कारण ती जाड लोकरीच्या मोज्यात होती. कॉफी गरम राहावी म्हणून गोदीतली सगळी माणसं बाटलीला मोजा घालायची. वडिलांची रोजची बाटली दुधाची, रुंद तोंडाची. त्या गुरुवारी पहाटे आई तापाने झोपली होती आणि कॉफी करायचं काम मायकेनकडे आलं. मोठ्या झाल्यासारखं वाटत होतं. तिने दुधाची बाटली नळाखाली धरली, हात साबणाचे, बाटली निसटली आणि मोरीत फुटली. आवाज न करता काचा गोळा केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मग हळूच खालच्या मजल्यावर गेली. तिथे एवाल्ड नावाचा कंडक्टर राहायचा, त्याच्या दाराशी रिकाम्या बाटल्यांचा खोका असायचा. एक तपकिरी बाटली उचलली. कागदी लेबल अर्धंच निघालं, वडील बूट घालत होते, वेळ नव्हता. तिने कॉफी ओतली, बूच दाबलं, वरून मोजा चढवला, गळ्यापर्यंत. वडिलांनी ती न बघता खिशात टाकली आणि म्हणाले, "आज घुबडीण बाईंची कॉफी! सांभाळून प्यावी लागणार."

ते बोलणं सांभाळून पिण्याबद्दल होतं. सांभाळून चालण्याबद्दल नव्हतं.

कुणी तरी मोजा खाली सरकवला असेल. लेबल पाहिलं असेल. बूच काढून नाकाला लावायला कितीसा वेळ लागतो? कुणी लावलं नाही, किंवा लावलं आणि गप्प बसलं. तो मोजा वडिलांच्या कपड्यांबरोबर घरी आला, बाटली आली नाही. मंडळाचे दोन बंधू घरी आले, टोप्या गुडघ्यांवर ठेवून बसले. त्यातला मोठा म्हणाला, "भगिनी सिंग्ने, फोल्केबद्दल आमच्या मनात काही नाही. पण नियम आहे, आणि लोक बोलतायत. चौकशी होईपर्यंत निशाण बाहेर काढता येणार नाही." आई म्हणाली, "मग शवपेटीपुढे काय धरायचं?" स्मशानात वारा होता आणि धरायला काही नव्हतं. चौकशी झाली, त्यात लिहिलं, नशेची शक्यता नाकारता येत नाही. दहा वर्षांच्या मायकेनला एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्याने निशाण बाहेर आलं असतं. ती रोज ते ओठांवर आणायची आणि आईच्या तोंडाकडे बघून गिळायची, कारण त्या वाक्याच्या मागून दुसरं येत होतं, की मग बाटली दिली कुणी. आणि पुढे उत्तरेला मावशीकडे राहत असताना एकदा तिला खोकला झाला. डॉक्टरने औषध दिलं ते तपकिरी बाटलीत. आईने घरी येताच ते औषध मुरंब्याच्या बरणीत ओतलं आणि बाटली हिमात दूर फेकली. मायकेनकडे पाहिलं नाही. विचारलंही नाही, तेव्हा नाही, नंतर नाही, मरतानाही नाही. आई मरताना तिचा हात हातात होता आणि मायकेन वाट बघत होती की ती आता विचारेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिला आईचाही राग आला, आज पहिल्यांदा, या बाकावर. एवढा कसला मोठेपणा, न विचारण्याचा? दहा वर्षांच्या पोरीला एक प्रश्न विचारता येत नव्हता?

पाचला पाच मिनिटं कमी असताना इल्वा धक्क्यावरून तिच्याकडे चालत आली. माइक हातात नव्हता. जवळून ती आणखी लहान वाटत होती, नाकावर ऊन लागून साल निघालेली. "तू मायकेन ना? येस्परने सांगितलं," ती म्हणाली. "मला खूप वाईट वाटतंय. काळजी करू नकोस, या फेरीत मी ते गाळते. उद्यापासूनही गाळते."

"गाळते?" मायकेन उभी राहिली. "म्हणजे गोदी दिसली की काय सांगणार?"

"सांगेन की... इथे पूर्वी जहाजं बांधायचे."

"आणि बांधणारे?"

इल्वाने नाक चोळलं. "मला वाटलं तुला तेच हवंय."

"मलाही सकाळी तेच वाटलं होतं. नको. साठ वर्षं खोटं सांगून झालं, आता काहीच सांगायचं नाही, म्हणजे तुमची सुटका. गाळायचं नाही. खरं सांगायचं."

"पण मला खरं माहीत नाही ना!" इल्वाचा आवाज चिरकला, आणि तीही थोडी रागावलीच. "मला दोन ओळी दिल्या होत्या पाठ करायला. फोल्के बाटली घेऊन गोदीत पडला, म्हणून नाव फोल्केचा ग्लास. बस." ती थांबली. बुटाच्या टोकाने धक्क्याची फळी खरडू लागली. "ते 'माझी बाटली धरा' आहे ना, ते मी घातलं. जूनमध्ये. लोक हसत नव्हते नीट. ते घातल्यापासून हसतात. आणि बाटलीला तडा गेला नाही, ते जुनंच आहे. पण धरा, ते माझं."

मायकेन तिच्याकडे बघत राहिली. या प्रकरणात मुकादम होता, चौकशीचा माणूस होता, टोप्यांवाले बंधू होते, आणि इतक्या वर्षांत हे मी केलं असं म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे ही साल निघालेल्या नाकाची पोर. तिला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी ती पोर निघून जाऊ नये असं वाटलं. "चल," ती म्हणाली. "मी सांगते. तू इंग्रजीत कर."

शेवटच्या फेरीला वीसच माणसं होती. मायकेन पुढच्या बाकावर बसली. बोट नदीत आली, वारा वाढला, पलीकडची काचेची घरं संध्याकाळच्या उन्हात पिवळी झाली होती. बाल्कन्यांमध्ये कुंड्या, एका बाल्कनीत एक माणूस चड्डीवर उभा राहून झाडांना पाणी घालत होता. इल्वाने माइक तिच्या हातात दिला. मायकेन उठली नाही, बसूनच बोलली, आणि तिचा आवाज डोक्यावरच्या कर्ण्यातून परका होऊन बाहेर आला.

"समोर जी गोदी आहे तिथे माझे वडील वेल्डर होते. फोल्के टोर्नक्विस्ट, वय अडतीस. ते दारू पीत नव्हते. ते दारू न पिणाऱ्यांच्या मंडळाचे निशाणधारी होते. वीस मीटर उंच परांचीचा कठडा तीन दिवस काढून ठेवला होता. त्यांनी मुकादमाला तीनदा सांगितलं. चौथ्या दिवशी फळीवर बर्फ होता आणि ते पडले. ते काय ओरडले ते कुणाला माहीत नाही. मंडळाने त्यांच्या शवपेटीपुढे निशाण धरलं नाही, कारण त्यांच्याजवळ बिअरची बाटली सापडली." इथे संपवता आलं असतं. इल्वा इंग्रजीसाठी तोंड उघडत होती. मायकेनने हात वर करून तिला थांबवलं. "बाटलीत कॉफी होती. ती मी भरली होती. दुधाची बाटली माझ्या हातून फुटली म्हणून शेजाऱ्याच्या दारातून बिअरची आणली. मी दहा वर्षांची होते. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निशाण निघालं असतं."

इल्वाने इंग्रजीत सांगितलं. तिला शब्द कमी पडत होते, मध्येच ती थांबत होती, एकदा तिने मायकेनला विचारलं, "मुकादमाला तीनदा?" आणि मायकेन म्हणाली, "तीनदा." शेवटी मागच्या बाकावरच्या एका जोडप्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "टाळ्या कसल्या वाजवताय!" मायकेन मागे वळून ओरडली, माइक हातातच होता, आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला. चड्डीतल्या माणसाने झारी खाली ठेवून बोटीकडे पाहिलं. टाळ्या थांबल्या. इंजिन तेवढं चालू होतं. राग गेला नव्हता. सांगितलं की जाईल असं तिने साठ वर्षं धरून ठेवलं होतं, आणि सांगून झालं तरी तो जागच्या जागी होता, फक्त आता तो त्या पिवळ्या काचांकडे, त्या खड्ड्याकडे तोंड करून होता. इतकी वर्षं स्वतःच्या गळ्याभोवती असलेली त्याची पकड तिला जाणवली नाही. ती शोधत राहिली, पण सापडली नाही.

धक्क्यावर माणसं उतरून गेली. काहींनी जाताना मान झुकवली, एका बाईने मायकेनच्या खांद्याला हात लावला. बोटवाला दोर बांधून निघून गेला. इल्वा बाकाखालून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढून त्यावर पेनने खाडाखोड करत होती. "उद्या नवाची पहिली फेरी आहे," ती म्हणाली. "आडनाव सांग ना. टोर्नक्विस्ट, मध्ये क्यू की के?"

"क्यू."

"आणि माझ्याकडे गोदी दिसायला लागल्यापासून वळेपर्यंत एक मिनिट असतं. दोन भाषांत. एवढं सगळं बसेल का?"

"मग लिपस्टिकचं थोडं कमी सांग."

इल्वा हसली, मग हसावं की नाही कळेना म्हणून थांबली. "ते कॉफीचं... तेही सांगू? तुझं?"

पाण्यावरून एक बदक स्वतःची रेघ ओढत पुलाखाली शिरलं. "नाव नको घेऊस," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, घे. मुलीने भरली होती म्हण. मुलीचं नाव मायकेन."

इल्वाने लिहिलं. मग उठून बोटीच्या तोंडाशी गेली, रिकाम्या बाकांकडे तोंड करून उभी राहिली, आणि माइकशिवाय म्हणायला लागली, "समोर जी गोदी दिसते तिथे सत्तावन्न साली फोल्के टोर्नक्विस्ट नावाचे वेल्डर काम करत होते. ते दारू पीत नव्हते. तिथला कठडा बहुतेक तीन दिवस..."

"बहुतेक नाही," मायकेन म्हणाली.

"तिथला कठडा तीन दिवस काढलेला होता म्हणतात..."

"म्हणतात नाही. पुन्हा."

इल्वाने कागद खाली ठेवला, वाऱ्याने तोंडावर आलेले केस मागे सारले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.